गुरू : मार्गदाता की मालक?



मी बँकेत कारकून आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या काउंटरवर एक वयस्क बाई आल्या. पतीच्या पश्चात मिळालेल्या फंडाच्या रकमेची मुदतठेव त्यांना मुदतीपूर्वीच मोडायची होती. व्याजाचे नुकसान होईल, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "महाराजांनी मागितलेत. कशाला, ते विचारायचं नसतं. विचारलं की श्रद्धा कमी पडते." सही जुळली, मी व्हाउचर पुढे सरकवले. नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. पण ज्या बाईने जन्मभर भाजी घेताना दोनदा भाव विचारला असेल, तिचा प्रश्न विचारण्याचा हक्क कोणी काढून घेतला, हा विचार मनातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

जपानमधील धडा

असे प्रकार इतर धर्मांत होतात, आपल्याकडे नाही, असे आपण समजतो. हा समज खोटा ठरवणारे उदाहरण बौद्ध परंपरा असलेल्या जपानमध्येच घडले. शोको असाहारा या माणसाने १९८४ मध्ये टोकियोत एक लहानसा योगवर्ग सुरू केला. १९८७ मध्ये त्याचे नाव ओम शिनरिक्यो झाले आणि १९८९ मध्ये त्याला धार्मिक संस्था म्हणून सरकारी मान्यता मिळाली. असाहारा बुद्धाचे नाव घेई, ध्यान शिकवी आणि स्वतःला मुक्त पुरुष म्हणवून घेई. त्याचे अनुयायी सुमारे दहा हजारांवर गेले. त्यांपैकी हजाराहून अधिक लोक घरदार सोडून संस्थेत राहू लागले.

घर सोडताना मालमत्ता संस्थेच्या नावे करावी लागे. आईवडिलांशी संबंध तोडावे लागत. झोप कमी, अन्न निकृष्ट. गुरूच्या मेंदूच्या लहरी शिष्याच्या डोक्यात उतराव्यात म्हणून विजेच्या तारा जोडलेली टोपी घालून लोक वावरत, आणि त्यासाठी भारी रक्कम मोजत. मुलांना परत मागणाऱ्या पालकांची बाजू त्सुत्सुमी साकामोतो या वकिलाने घेतली. नोव्हेंबर १९८९ मध्ये त्यांचा, त्यांच्या पत्नीचा आणि एक वर्षाच्या बाळाचा खून झाला. गुरूच्या आज्ञेने मारले की मरणाराला उच्च गती मिळते, अशी शिकवण शिष्यांच्या मनात भरलेली होती!

२० मार्च १९९५ रोजी संस्थेच्या पाच शिष्यांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. १३ माणसे मृत्यू पावली, हजारो जखमी झाली. त्या विषाने अंथरुणाला खिळलेल्या एक बाई २०२० मध्ये वारल्या, तेव्हा मृतांचा आकडा १४ झाला. वायू सोडणाऱ्यांत इकुओ हयाशी हे हृदयशस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. भौतिकशास्त्राचे पदवीधर होते. असाहाराला व त्याच्या बारा शिष्यांना जुलै २०१८ मध्ये फाशी झाली. अडाणी माणूसच फसतो, ही आपली समजूत येथे पार कोसळते. पदवी माणसाला विषय शिकवते. गुरूला प्रश्न विचारण्याचे धैर्य ती देतेच असे नाही.

मन ताब्यात कसे घेतात?

कोणीही एका दिवसात गुलाम होत नाही. पायरीपायरीने पुढील गोष्टी घडतात.

१) माणूस एकटा, दुःखी किंवा गोंधळलेला असताना त्याला भरभरून प्रेम मिळते. पहिली पायरी गोडच असते.

२) हळूहळू जुने मित्र, घरचे लोक, वर्तमानपत्र हे सारे 'अपवित्र' ठरते. बाहेरचा आवाज बंद झाला की आतला एकच आवाज खरा वाटू लागतो.

३) मनातील गुपिते, चुका सर्वांसमोर किंवा गुरूपुढे कबूल करायला लावतात. पुढे तीच गुपिते त्याला धाकात ठेवण्यास उपयोगी पडतात.

४) कधी कौतुक, कधी सर्वांदेखत अपमान. आज काय मिळेल हे ठाऊक नसल्यामुळे शिष्य सतत गुरूच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो.

५) साधनेने बरे वाटले तर ती गुरूची कृपा, बरे वाटले नाही तर तो शिष्याचा दोष. या हिशेबात गुरूच्या नावे कधीच खर्च पडत नाही.

६) शेवटी सोडून जाण्याची भीती. बाहेर पडलास तर रोग होईल, नरक मिळेल, असे सांगितले जाते. तोवर पैसा, नोकरी व नाती गेलेली असतात. जायचे तरी कोठे?

रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने अशा मन-पालटाचा अभ्यास १९६१ मध्ये ग्रंथरूपाने मांडला आणि पुढे ओम शिनरिक्योवरही लिहिले. बाहेरच्या जगाशी संपर्क तोडणे, सतत कबुलीजबाब घेणे आणि माणसापेक्षा सिद्धान्त मोठा मानणे, ही लक्षणे त्यांनी नोंदवली आहेत.

तथागतांची वाट

याउलट आपल्या शास्त्याने काय केले? केसपुत्त गावी कालामांनी शंका विचारली, तेव्हा कोणत्या कारणांवरून एखादी गोष्ट खरी मानू नये ते तथागतांनी सांगितले. त्या यादीतील शेवटचे कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही : 'हा श्रमण आमचा गुरू आहे' एवढ्यावरूनही मानू नये. वीमंसक सुत्तात तर खुद्द तथागतांचीच पारख करण्यास शिष्यांना सांगितले आहे. वर्षावासाच्या शेवटी होणाऱ्या पवारणेत भिक्खू आपले दोष दाखवून देण्याची एकमेकांना विनंती करतात. तशीच विनंती भगवंतांनीही संघाला केली, अशी नोंद संयुत्त निकायात आहे.

आमच्या बँकेत एकाने लिहिलेले व्हाउचर दुसऱ्याने तपासल्याशिवाय पास होत नाही, मॅनेजरचेसुद्धा! जेथे गुरूचे व्हाउचर कोणीच तपासत नाही, तेथे अफरातफर होणारच. ती पैशाची असेल, शरीराची असेल किंवा मनाची.

परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्ध हे मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हा भेद 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना, राजकारणातील व्यक्तिपूजा अधःपतनाकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही त्यांनी दिला. ज्या समाजाने हजारो वर्षांची गुलामी झुगारली, त्याने ती दुसऱ्या दाराने घरात घेऊ नये.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, ध्यानाला किंवा शिबिराला जरूर जा. पण तेथे प्रश्न विचारता येतो का? पैशाचा हिशेब सर्वांना दाखवतात का? घरी पत्र, फोन मोकळेपणाने करता येतो का? नाही म्हटले, सोडून गेले, तर लोक पूर्वीसारखेच बोलतात का? या चारांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' आले तर सावध व्हा. आपल्या मंडळालाही हेच चार प्रश्न लावून पाहावेत. त्यात कमीपणा नाही.

आणि जो फसला त्याला हसू नका. अंगुलिमालाची कथा अट्ठकथेत आहे. अहिंसक नावाच्या हुशार विद्यार्थ्याने गुरुदक्षिणा म्हणून हजार बोटे गोळा करण्याची आज्ञा पाळली आणि तो खुनी झाला. त्याच्या हातून घडलेल्या पापाचे फळ त्याला चुकले नाही. लोकांनी त्याला दगड मारले. तरीही तथागतांनी त्याला दूर लोटले नाही. मग ज्याने कोणाचे काही वाईट केले नाही, केवळ स्वतःचे सर्वस्व गमावले, त्याला आपण घराचे दार बंद करावे काय? "तुला सांगितलं होतं" हे वाक्य त्याला पुन्हा त्याच गुरूकडे पाठवते. त्याच्याशी बोलणे चालू ठेवा, जेवायला बोलवा, सल्ला नंतर द्या.

त्या बाई पुन्हा काउंटरवर आल्या तर सही जुळवण्यापूर्वी मी त्यांना बसायला खुर्ची देईन. पैसा त्यांचा आहे, निर्णयही त्यांचाच. पण "बाई, घरी कोणाशी बोललात का?" एवढे तरी विचारीन. त्या दिवशी ते विचारायचे राहून गेले.

जय भीम! नमो बुद्धाय!