संत्राबागेतील सूत्रकृमी आणि ऋतुमान

इतिहासाच्या शिक्षकाने मातीतील कृमींवर लेख लिहावा, याचे वाचकांस नवल वाटेल. त्याला कारण एक बाग आहे. नेर तालुक्यातील आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी दोन एकरांत संत्रा लावला होता. दहा-बारा वर्षे झाडे चांगली राहिली. पुढे पाने पिवळी व लहान होऊ लागली, शेंडे वाळू लागले, फळ बारीक पडू लागले. कोणी जमीन थकली म्हणाले, कोणी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, कोणी नजर लागली म्हणाले. अखेर झाडे काढून त्याच खड्ड्यांत नवी कलमे लावली गेली, आणि तीही तशीच खंगली. दोन्ही वेळचा खर्च कर्जाचा होता. मुळांची तपासणी झाली ती त्यानंतर. ती आधी झाली असती तर दुसरे कर्ज टळले असते, ही खंत आम्हांस आजही आहे. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले आज स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बागेत राबतात. त्यांच्यासाठी हा अभ्यास.

हा कृमी कोण?

लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर जगणाऱ्या या सूत्रकृमीचे शास्त्रीय नाव टायलेन्क्युलस सेमिपेनेट्रान्स. कॅलिफोर्नियात १९१२ साली तो प्रथम नजरेस आला आणि १९१३ मध्ये नेथन कॉब या शास्त्रज्ञाने त्याचे नामकरण केले. भारतात त्याची पहिली नोंद १९६१ साली अलीगढ येथून झाली. ‘सेमिपेनेट्रान्स’ म्हणजे अर्धा आत शिरलेला. मादी आपले तोंडाकडील अर्धे शरीर मुळाच्या सालीत खुपसून एकाच जागी रस शोषत राहते. उरलेले अर्धे बाहेर फुगते, आणि त्याच बाजूने ती चिकट द्रवात सुमारे ७५ ते १०० अंडी घालते. त्या चिकटपणामुळे मातीचे कण मुळास धरून राहतात. म्हणूनच रोगट तंतुमुळे पाण्यात धुतली तरी मळकट दिसतात. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी खूण एवढीच. कृमी स्वतः अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो.

तो झाडाला एका वर्षात मारीत नाही, वर्षानुवर्षे अर्धपोटी ठेवतो. पानांवरील लक्षणे मूळकुज, पाणी साचणे किंवा जस्ताची कमतरता यांच्यासारखीच असतात. त्यामुळे वरवर पाहून निदान करणे धोक्याचे ठरते.

वर्षभरातील चढउतार

या कृमीला जिवंत, कोवळी तंतुमुळे लागतात. त्याशिवाय मातीत ओल, हवा आणि मध्यम उष्णता हवी. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून अंड्यापर्यंतचा त्याचा फेरा सहा ते आठ आठवड्यांत पुरा होतो. म्हणून आधी झाडाला नवी मुळे फुटतात आणि काही आठवड्यांनी कृमींची संख्या वाढते. हा क्रम ध्यानात ठेवला की बाकीचे वर्ष आपोआप उलगडते.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्या जिल्ह्यात जमीन तापते. मृग बहार धरणारे शेतकरी याच काळात बागेला ताण देतात. वरच्या थरातील तंतुमुळे वाळतात आणि कृमींची संख्या घसरते. तथापि चिकट आवरणातील अंडी आणि खोल थरातील कृमी तग धरून असतात. मृगाच्या पावसाने ओल आली की अंडी उबू लागतात. मात्र भर पावसात भारी काळ्या जमिनीत पाणी साचून हवा कोंडते, तेव्हा वाढ मंदावते. पाऊस ओसरला की, साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ओल आणि उष्णता दोन्ही मानवतात व संख्या चढते. डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि आंबिया बहाराचा ताण यांनी ती पुन्हा उतरते. ताण तोडून ओलीत सुरू केले की फुलांबरोबर नवी मुळे येतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास दुसरा चढ दिसतो. सर्व बागांत हे चढ एकाच महिन्यात येतील असे नाही. जमिनीची जात, बहार आणि पाणी देण्याची रीत यांप्रमाणे ते मागेपुढे होतात.

यातून निघणारा धडा महत्त्वाचा आहे. मे महिन्यात वरची कोरडी माती तपासून ‘कृमी नाहीत’ असा निष्कर्ष काढणे फसवे आहे. एका कागदावरून एखाद्या राजवटीचा इतिहास लिहिता येत नाही, तसेच एका नमुन्यावरून बागेचे निदान होत नाही. नमुना चढाच्या काळात घ्यावा. झाडाच्या घेराखालून, १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवरून, तंतुमुळांसह चार-पाच ठिकाणची माती घेऊन मिसळावी. पिशवीत बंद करून, उन्हात न ठेवता ती तपासणीस पाठवावी.

शाळेत करता येणारा प्रयोग

सन १९१७ मध्ये जावा बेटावर बेअरमन या वैद्याने मातीतील कृमी वेगळे करण्याची सोपी रीत काढली. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या अंकुशकृमीची पिल्ले त्यांना मातीत शोधायची होती. चाडीच्या खालच्या टोकाला रबरी नळी लावून ती चिमट्याने बंद करावी. चाडीत पाणी भरावे. पातळ कापडात बांधलेली मूठभर माती त्या पाण्याला टेकेल अशी ठेवावी. रात्रभरात हालचाल करणारे कृमी कापडातून निसटून नळीच्या तळाशी जमतात. सकाळी थोडे पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. मुळास चिकटलेल्या माद्या यात येत नाहीत, पिल्ले मात्र येतात. एकाच बागेतून दरमहा नमुना घेऊन संख्या वहीत मांडली, तर विद्यार्थ्यांना वर्षाचा आलेख स्वतः काढता येईल.

उपाय आणि मजुराचा जीव

अमेरिकेत डीबीसीपी नावाचे सूत्रकृमिनाशक अनेक वर्षे वापरात होते. १९७७ साली ते तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांमध्ये वंध्यत्व आढळले आणि दोन वर्षांनी तेथे त्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. आपल्याकडे मातीत टाकले जाणारे फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरू शकत नाही. कृमी उतारावर असताना टाकलेल्या विषाचा बागेला उपयोग थोडा. ते हाताळणाऱ्या मजुराचा धोका मात्र तेवढाच राहतो. आणि तो मजूर बहुधा आपल्याच वस्तीतला असतो.

म्हणून पहिला उपाय म्हणजे स्वच्छ रोप. हा कृमी कलमाच्या मुळांबरोबर आणि पिशवीतील मातीबरोबर नव्या शेतात जातो, तेव्हा रोपवाटिकेत मुळे पाहूनच कलम घ्यावे. झाडे काढल्यावरही कृमी मातीत अनेक वर्षे टिकतो, म्हणून त्याच खड्ड्यात लगेच लागवड करू नये. ट्रायफोलिएट जातीचा खुंट या कृमीस दाद देत नाही, परंतु चुनखडीच्या जमिनीत तो नीट वाढत नाही. आपल्याकडील जंभेरी खुंट जमिनीला मानवतो, पण कृमीला बळी पडतो. चालू बागेत निंबोळी ढेप आणि कृमींची अंडी खाणारी पर्प्युरिओसिलियम ही उपयुक्त बुरशी कुजलेल्या शेणखतातून द्यावी. तीही पावसाच्या आरंभी आणि ताण तोडताना, म्हणजे संख्या चढण्याआधी. प्रमाणासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था किंवा अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांचा सल्ला घ्यावा.

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी संत्रा किंवा लिंबू आहे, त्यांनी या ऑक्टोबरात एका खंगलेल्या आणि एका निरोगी झाडाची तंतुमुळे उकरून, धुऊन, शेजारी ठेवून पाहावीत. एकीवरची माती निघाली आणि दुसरीवरची निघाली नाही, तर बाग तोडण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.