कळफलकाचा बिघाड कसा ओळखावा?

परीक्षेचा अर्ज भरावयास बसावें आणि नांवांतील एक अक्षर कांहीं केल्या उमटूं नये, असा प्रसंग हल्लीं पुष्कळ घरांत येतो. लागलीच नवा कळफलक आणण्याची घाई होते व पालकांस नाहक खर्च पडतो. हा खर्च बहुधा टाळतां येतो. मात्र पेचकस हातीं घेण्यापूर्वी दोष कोठें आहे हें शोधिलें पाहिजे.

सामान्यतः आढळणाऱ्या स्वस्त कळफलकावर सुमारें १०४ कळा असतात, परंतु प्रत्येकीस निराळी तार नसते. आंत पातळ प्लास्टिकचे तीन पडदे एकावर एक ठेविलेले असतात. वरच्या व खालच्या पडद्यावर विजेचे मार्ग रेखिलेले असून मधल्या पडद्यास प्रत्येक कळेखालीं भोंक असतें. कळ दाबली कीं रबराची टोपी दबून त्या भोंकांतून वरचा मार्ग खालच्यास टेकतो. हे मार्ग आडव्याउभ्या रेषांप्रमाणें योजिलेले असतात. समजा, ८ आडव्या व १८ उभ्या रेषा आहेत. त्यांचे छेद १४४ होतात. म्हणजे केवळ २६ मार्गांत सर्व कळांची सोय झाली!

निदानाचें मर्म या रचनेंतच आहे. एकच कळ मुकी असेल तर तिच्याखालीं कचरा शिरला असावा किंवा रबर फाटलें असावें. चार-सहा कळा एकदम बंद पडल्या, मग त्या फलकावर परस्परांपासून दूर कां असेनात, तर त्यांचा सामाईक मार्ग तुटला असें समजावें. सर्वच बंद असल्यास प्रथम तार व जोड पाहावा.

यास्तव कोऱ्या पानावर प्रत्येक कळ क्रमानें दाबा व न उमटणाऱ्या कळा कागदावर टिपून ठेवा. नंतर तोच कळफलक दुसऱ्या संगणकास लावा. तेथें तो नीट चालला तर दोष त्याचा नव्हे. विंडोजमध्यें उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरिल्यास ‘फिल्टर कीज’ची विचारणा होते, ती नकळत मान्य झाली कीं झटपट दाबलेल्या कळांकडे संगणक लक्षच देत नाहीं. मराठी इनस्क्रिप्ट मांडणी चालू राहिली तर ‘एच’ दाबतां ‘प’ उमटतो. असे निरोगी कळफलक कचऱ्यांत गेलेले मीं पाहिले आहेत.

दुरुस्तीपूर्वी तार काढावी. फलक उपडा धरून हलकेच ठोकावा. कळेची टोपी सरळ वर उचलावी. लांब कळांखालीं तारेची कडी असते, तेथें जोर करूं नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलनें किंचित् ओलावलेल्या फडक्यानें आंतील जागा पुसावी. चहा सांडल्यास विलंब न लावतां तार काढून फलक उपडा करावा, कारण वाळलेली साखर पडद्यांस चिकटवून टाकते. पडदे सुटे होत असल्यास ओल्या फडक्यानें पुसून सावलींत पूर्ण वाळवावे. केस वाळविण्याच्या यंत्राची उष्ण हवा देऊं नये, पडदा वांकतो. तुटलेल्या मार्गावर चांदीयुक्त वाहक रंगाची बारीक रेघ ओढतां येते. डाख मात्र लावूं नये, प्लास्टिक वितळतें. लॅपटॉपवर पाणी सांडलें तर तो ताबडतोब बंद करून कारागिराकडे न्यावा. कित्येकांचा कळफलक आंतून पक्का ठोकलेला असतो.

सर्व जोडून झाल्यावर पूर्वीचा कागद पुढें ठेवावा व पुन्हा प्रत्येक कळ दाबून पाहावी.