स्तुती, तक्रार आणि सान्निध्य : मराठी ख्रिस्ती काव्यातील उपासनेचा अर्थ

देवाला माणसाच्या स्तुतीची गरज काय, हा प्रश्न जितका जुना तितकाच अडचणीचा आहे. ईश्वर पूर्ण आहे असे मानले तर स्तुतीने त्याच्यात भर पडत नाही. तो सर्वज्ञ आहे असे मानले तर त्याला काही नवे कळतही नाही. मग स्तुती ही एक तर खुशामत ठरते, नाही तर रिकामा उपचार. साहित्याच्या अभ्यासकापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. स्तुतिकाव्य हे सांकेतिक असते, सबब त्यात अनुभव शोधण्यात अर्थ नाही, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. ख्रिस्ती परंपरेतील स्तुती व उपासना या संकल्पनांचा मराठी काव्याच्या आधारे विचार करून या समजाची तपासणी करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे.

१. शब्दांची साक्ष

पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहितेचे हिब्रू नाव 'तेहिल्लीम', म्हणजे 'स्तवने' असे आहे. उपासनेसाठी मात्र हिब्रूत जी क्रियापदे येतात त्यांपैकी एकाचा मूळ अर्थ 'वाकणे, दंडवत घालणे' असा, तर दुसऱ्याचा 'चाकरी करणे' असा आहे. ग्रीक नव्या करारातही दंडवत आणि सेवा हे दोन्ही अर्थ टिकून आहेत. मराठीने संस्कृतातून घेतलेला 'उपासना' हा शब्द 'उप' आणि 'आस्' यांपासून सिद्ध झाला असून त्याचा अर्थ 'जवळ बसणे' असा होतो. स्तुती हा उच्चार आहे. उपासना ही स्थिती आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल शरीराचेच जिवंत अर्पण मागतो, ते याच अर्थाने. ओठांनी केलेली स्तुती साऱ्या देहाने खरी करावयाची असते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने आपल्या आरंभीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर येथे उपयोगी पडते. देवाला माहिती पुरवावी म्हणून आपण त्याची स्तुती मोठ्याने करीत नाही. आपले आणि ऐकणाऱ्यांचे मन त्याच्याकडे वळावे म्हणून करतो, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. स्तुतीने देव बदलत नाही. स्तुती करणारा बदलतो.

२. तक्रारीचे स्थान

स्तोत्रसंहितेत एकूण १५० स्तोत्रे आहेत. ग्रंथाचे नाव 'स्तवने' असले तरी त्यात विलाप व गाऱ्हाणे यांच्या स्तोत्रांची संख्या फार मोठी आहे, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. बाविसावे स्तोत्र परित्यक्ततेच्या आक्रोशाने सुरू होते आणि मंडळीच्या मध्ये केलेल्या स्तवनात विसावते. वधस्तंभावर येशूच्या मुखी याच स्तोत्राचा आरंभ आल्याचे मत्तय व मार्क सांगतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर असे विसावतही नाही. ते अंधारातच संपते. तरीही 'स्तवने' या नावाच्या ग्रंथातून त्याला वगळण्यात आलेले नाही. यावरून स्तुतीची व्याख्या बदलावी लागते. देवाविषयी गोड बोलणे म्हणजे स्तुती नव्हे. दुःखातही त्याच्याकडे तोंड करून बोलत राहणे, त्याला संबोधणे न सोडणे, ही स्तुती होय.

याची दुसरी बाजू आमोस या संदेष्ट्याने मांडली आहे. न्याय पायदळी तुडविणाऱ्या समाजाची गीते व वाद्ये देवाला नकोशी वाटतात, असे तो पाचव्या अध्यायात बजावतो. तक्रारीने भरलेले स्तोत्र देव स्वीकारतो आणि अन्यायाने भरलेल्या समाजाचे सुरेल गीत नाकारतो. खुशामतीचा आक्षेप येथे गळून पडतो.

३. 'क्रिस्तपुराण' : श्रद्धेचे नमन

मराठीत या उपासनेला पहिले मोठे काव्यरूप दिले ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज जेजुइटाचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती; त्यांच्या जागी काही तरी हवे, ही त्यांची मागणी काव्याच्या आरंभकथेतच नोंदलेली आहे. धर्म बदलला तरी श्रवण-पठणाची भूक बदलत नाही, हे स्टीफन्स यांनी ओळखले होते.

या काव्याच्या मंगलाचरणाची रचना अभ्यासनीय आहे. देव पिता आहे, सर्वसमर्थ आहे, स्वर्ग व पृथ्वी यांचा निर्माता आहे, ही विधाने ख्रिस्ती श्रद्धासूत्राच्या पहिल्याच कलमात येतात. तेथे त्यांचे रूप 'मी विश्वास ठेवतो' असे कथनाचे आहे. स्टीफन्स हीच विशेषणे मराठी ग्रंथकारांच्या परिचित नमनाच्या चौकटीत आणून संबोधनात रूपांतरित करतात. देवाविषयी बोलणे हे देवाशी बोलणे होते. सिद्धांताची स्तुती कशी होते, याचे हे नमुनेदार उदाहरण असून येथे संकेत हा अनुभवाच्या आड येत नाही, तर त्याला वाट करून देतो.

४. टिळक : दरबार आणि माउली

एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतांचा भरणा होता. त्यांच्या जोडीला देशी चालींची पदे आणि कीर्तन आणणाऱ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव घ्यावे लागते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी या प्रवाहाला अभंगाचे बळ दिले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची स्वतःचीच भूमिका होती. या विधानाचा अर्थ केवळ छंदापुरता घेऊ नये. विठ्ठलाशी भांडण्याचा जो अधिकार तुकारामांच्या अभंगाने मिळविला होता, तोही या सेतूवरून पलीकडे गेला. स्तोत्रसंहितेतील गाऱ्हाणे मराठीत परके वाटले नाही, याचे एक कारण येथे सापडते.

टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले. या प्रतिमेचे नाते वारकरी परंपरेशी उघड आहे. परंतु आई जशी सांत्वन करते तसे देव करील, ही प्रतिमा यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायातही आहे. दुसरीकडे, १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासी झाल्यावर त्यांनी साताऱ्यास जो बंधुसमाज उभारू पाहिला त्याला 'देवाचा दरबार' हे नाव दिले. दरबारात माणूस वाकतो. माउलीजवळ तो बसतो. हिब्रू क्रियापदातील दंडवत आणि मराठी शब्दातील सान्निध्य असे टिळकांच्या काव्यात व जीवनात एकत्र आले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले व १९३८ साली ते प्रसिद्ध झाले.

५. समारोप

आज अनेक मंडळ्यांतून 'स्तुती व आराधना' हे शब्द सभेच्या आरंभीच्या गायनासाठी वापरले जातात. गायनाला विरोध असण्याचे कारण नाही. मध्यरात्री तुरुंगात पौल व सीला गात होते, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. परंतु केवळ आनंदाची गीते निवडली जाऊन विलापाला जागा उरत नसेल, तर शोकाकुल मनुष्याला उपासनेतूनच बाहेर काढल्यासारखे होते. तसेच गायनानंतर सेवा सुरू होत नसेल, तर आमोसाचा इशारा आपल्यालाही लागू पडतो.

अभ्यासकाच्या दृष्टीने निष्कर्ष असा की, स्तुतिकाव्याची कसोटी त्यातील विशेषणांच्या थोरवीवर लावू नये. ते काव्य कोणाकडे तोंड करून बोलते, दुःखात त्याचे संबोधन टिकते का, आणि उच्चारणाऱ्याला ते कोणाच्या जवळ नेऊन बसविते, हे प्रश्न त्याला विचारावेत. मराठी ख्रिस्ती काव्याला हे प्रश्न विचारले असता ते संकेतांचे कोठार न वाटता, एका समाजाने आपल्याच भाषेत देवाजवळ बसण्याचा केलेला दीर्घ प्रयत्न म्हणून वाचता येते.