नोकरी सांभाळून रचनालेखन : काही अनुभवाचे बोल

रचनाकला, म्हणजे बोलण्यात जिला सर्रास डिझाइन म्हटले जाते ती, वस्तूला उपयोग, साहित्य आणि सौष्ठव या तिन्हींचा मेळ घालून रूप देण्याची विद्या होय. आणि दार, पाटी, अक्षर, भांडे किंवा घर यांच्या रूपामागे घडवणाऱ्याने कोणते निर्णय घेतले असतील हे शोधून ते शब्दांत व रेखाटनांत मांडणे याला प्रस्तुत लेखात रचनालेखन म्हटले आहे. पूर्ण वेळची नोकरी सांभाळून असे लेखन ठरावीक अंतराने करत राहण्याची इच्छा अनेकांना होते, त्यातील पुष्कळ जण उत्साहाने आरंभही करतात, पण वर्षभरानंतर ते चालू ठेवणारे थोडेच राहतात. याचे कारण सहसा वेळेचा अभाव असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा, की वेळ कमी पडतो हे खरे असले तरी खरी टंचाई दिवसाच्या उजेडाची असते. कारण कथा किंवा कविता रात्री दिव्याखाली लिहिता येते, पण दाराच्या चौकटीवरील कोरीव काम, पाटीवरील रंगाचा फटकारा किंवा भिंतीतील विटांची जोडणी ही जागेवर जाऊन, उजेडात, पुरेसा वेळ थांबून पाहावी लागते, आणि नोकरदाराचा आठवड्यातील जवळजवळ सगळा उजेड नोकरीच्या ठिकाणी खर्च होतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत राहून हिंजवडीला नोकरी करणारा माणूस सकाळी निघतो तेव्हा पेठ नुकती उघडत असते आणि परततो तेव्हा दिवे लागलेले असतात. म्हणजे ज्या वस्तूंच्या सान्निध्यात तो राहतो त्याच त्याला आठवड्यातून एखाद्याच दिवशी धडपणे दिसतात.

सदाशिव पेठ हे या लेखनासाठी विलक्षण समृद्ध क्षेत्र आहे आणि नेमकी तीच तिथली अडचण आहे. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या स्मरणार्थ थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात, १७६९ मध्ये वसवलेल्या या पेठेत, दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यासारख्या राजवास्तूपासून मध्यमवर्गीयांच्या साध्या वाड्यापर्यंत अनेक पिढ्यांची बांधकामे शेजारीशेजारी उभी राहिली. घडीव दगडाचे जोते, सागवानी सांगाडा, दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर आणि परसू हा वाड्याचा क्रम, त्यानंतर आलेल्या चाळीवजा इमारती, पुढे सोसायट्या, आणि या सगळ्यांवर लावलेल्या हाताने रंगवलेल्या पाट्या, असे थर येथे एका दृष्टिक्षेपात दिसतात. यातील पुष्कळसे झपाट्याने नाहीसे होत आहे. वाड्यांच्या जागी नव्या इमारती येतात, पत्र्यावर एनॅमल रंगाने काढलेल्या अक्षरांची जागा छापील फ्लेक्स घेतात, आणि म्हणून लिहिणाऱ्याला वाटू लागते की सगळे आत्ताच टिपून ठेवले पाहिजे. या घाईतूनच पुढची पडझड सुरू होते.

ही पडझड बहुधा एकाच क्रमाने होते, आणि तो क्रम आधी ठाऊक असल्यास ती टाळता येते. आरंभीचे लेख वर्षानुवर्षे मनात साठलेल्या सामग्रीवर होतात, त्यामुळे ते सहज उतरतात आणि दर आठवड्याला लिहिण्याचे वचन वाजवी वाटते. साठा संपला की प्रत्येक लेखासाठी नवे निरीक्षण लागते, ते करायला उजेड पुरत नाही, म्हणून रविवारी मिळेल तेवढी छायाचित्रे घेऊन ठेवली जातात आणि लिहिणे पुढे ढकलले जाते. छायाचित्रांबरोबर स्थळ, दिनांक आणि माप लिहून ठेवले नसेल तर काही महिन्यांनी कोणता दरवाजा कोणत्या बोळातला हेही सांगता येत नाही, आणि पुन्हा पाहायला जावे तर वाडा उतरवलेला असतो. मग अपुऱ्या सामग्रीवर लिहिण्याचा संकोच, वचन मोडल्याची खंत आणि कार्यालयातील कामाचा ताण एकत्र येऊन लेखणी थांबते. येथे आळस हे कारण क्वचितच असते. लेखनाचे एकक, म्हणजे एका वेळी हाती घेऊन पुरे करायचा कामाचा तुकडा, उपलब्ध उजेडाच्या मानाने फार मोठे ठरवलेले असते, हे मूळ कारण होय.

या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर पुण्यातच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी देण्यात आले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांच्या पुढाकाराने ७ जुलै १९१० रोजी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. मंडळाच्या कार्यात सहभागी होणाऱ्या अनेकांचा चरितार्थ अध्यापनासारख्या अन्य व्यवसायांवर चालत असे, आणि अशा माणसांकडून ग्रंथाची अपेक्षा धरली असती तर त्यातील बहुतेकांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच संपले असते. मंडळाने पाक्षिक सभेची, म्हणजे पंधरा दिवसांनी भरणाऱ्या आणि सभासदांनी आपापली टिपणे वाचून दाखवायच्या सभेची प्रथा रुजवली. एखादे पत्र, एखादा शिलालेख, एखादे नाणे, एवढ्यावरचे टिपणही तेथे वाचण्यास पात्र ठरे, आणि अशा वाचनांना पुढे इतिवृत्तांत व त्रैमासिकात स्थान मिळे. या प्रथेत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. विषय लहान पण पुरा असे, तारीख आधी ठरलेली असे, आणि ऐकणारे जाणकार समोर बसलेले असल्याने पुराव्याशिवाय विधान करण्याची सोय नसे. नोकरदार रचनालेखकाने सर्वांत आधी हीच पद्धत उचलावी. साप्ताहिक वचनापेक्षा पाक्षिक वचन स्वीकारावे, म्हणजे एका रविवारचा उजेड पाहण्यासाठी आणि दुसरा राहिलेले तपासून घेण्यासाठी मिळतो, आणि लिहिणे मधल्या रात्रींवर सोपवता येते. तसेच टिपण बाहेर देण्यापूर्वी ते एका तरी जाणत्या माणसाला, मग तो सुतार असो, रंगारी असो किंवा वास्तुरचनाकार असो, वाचून दाखवावे.

एकक किती लहान असावे याचे उदाहरण दिंडी दरवाज्यावरून घेता येईल. वाड्याच्या मोठ्या दरवाज्याच्या एका फळीत बसवलेले, माणूस वाकून आत येईल एवढे छोटे दार म्हणजे दिंडी. मोठा दरवाजा बंद ठेवूनही ये-जा चालू राहावी, आत येणारा एका वेळी एकच असावा आणि तोही मान लववून यावा, ही संरक्षणाची सोय तीत साधलेली असते, तर पालखी, सामान किंवा लग्नाचे वऱ्हाड यांसाठी संपूर्ण दरवाजा उघडता येतो. ‘सदाशिव पेठेतील दरवाजे’ हा विषय घेतला तर तो एका माणसाला वर्षानुवर्षे पुरेल आणि बहुधा अपुराच राहील. ‘या एका दिंडीची उंची एवढीच का’ हा विषय मात्र एका सकाळी मोजपट्टी, वही आणि घरमालकाची परवानगी एवढ्यावर पाहून होतो, आणि त्यात उंबरठ्याची उंची, बिजागरीची जागा, अडसराची खोबण, गणेशपट्टीचे कोरीव काम या सगळ्यांना आपापले कारण देऊन स्थान मिळते. अशी टिपणे साठत गेली की ‘दरवाजे’ हा मोठा विषय आपोआप उभा राहतो, आणि मध्येच थांबावे लागले तरी झालेले प्रत्येक टिपण आपल्या जागी पूर्ण असते.

क्षेत्र आखून घेण्याच्या बाबतीत पेठेच्या शेजारचे, शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय मनन करण्याजोगे आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा व्यवसाय चष्म्यांच्या दुकानाचा होता आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. हे सांभाळून त्यांनी १९२० च्या सुमारापासून अनेक दशके देशभर हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, वज्र्या, पानदाने अशा नित्य वापरातील वस्तू जमवल्या, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने तो संग्रह उभा केला. राजेरजवाड्यांच्या दुर्मिळ चिजांमागे न लागता सामान्य घरातील कारागिरीवर त्यांनी भर दिला, म्हणूनच एका माणसाच्या आवाक्यात आणि मिळकतीत हे कार्य बसू शकले. पत्नी कमलाबाई यांची साथ त्यांना लाभली, हेही विसरता कामा नये, कारण नोकरीबाहेरचा प्रत्येक छंद घरातील कोणाच्या तरी वेळेवर उभा असतो. घरच्यांशी आधी बोलून, कोणता वेळ लेखनाचा आणि कोणता घराचा हे ठरवून घेतल्याखेरीज आरंभ करू नये. याच संग्रहातून एक सावधगिरीही शिकता येते. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी सुमारे अडीच हजारच प्रदर्शनात मांडता येतात. जमवणे हे मांडण्यापेक्षा नेहमी वेगाने होते, आणि संस्थेच्या बाबतीत हे क्षम्य असले तरी एकट्या लेखकाला ते पेलत नाही. म्हणून न लिहिलेल्या विषयांची संख्या हाताच्या बोटांवर मावेल एवढीच ठेवावी आणि ती भरली की नवे टिपणे थांबवून आधीचे लिहून काढावे.

प्रत्यक्ष निरीक्षणाच्या वेळी स्थळ, दिनांक, दिवसाची वेळ, साहित्य, मुख्य मापे, वस्तूचा सध्याचा उपयोग, आणि माहिती देणाऱ्याने सांगितलेले त्याच्याच शब्दांत, एवढे जागेवरच वहीत लिहावे. मोबाइलमधील छायाचित्र ही आठवणीला मदत आहे, नोंदीची जागा ते घेऊ शकत नाही, कारण त्यात माप नसते आणि हात लावल्यावर काय जाणवले तेही नसते. चौकटीशेजारी मोजपट्टी धरून एक तरी छायाचित्र घ्यावे. नोंदींच्या तीन प्रती, दोन निराळ्या माध्यमांवर आणि त्यातील एक घराबाहेर, हा संगणकक्षेत्रातील जुना दंडक पुण्याच्या पेठांना वेगळा पटवून द्यायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कित्येक घरांतील कागदपत्रे एका दिवसात नष्ट झाली.

नोकरीशी असलेला संबंध सुरुवातीलाच स्वच्छ करून घेणे हे सर्वांत दुर्लक्षिले जाणारे आणि सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७, म्हणजे कॉपीराइटचा कायदा, याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून निर्माण केलेल्या कृतीचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, मालकाचा असतो. म्हणून कार्यालयाच्या वेळात, कार्यालयाच्या संगणकावर किंवा कार्यालयाच्या कामातून निघालेले काहीही आपल्या लेखनात येऊ देऊ नये, आणि नियुक्तिपत्रातील बाहेरच्या कामाविषयीचे कलम आधी वाचावे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार वाङ्मयीन, कलाविषयक किंवा वैज्ञानिक स्वरूपाचे प्रासंगिक काम पूर्वपरवानगीशिवाय करता येते, मात्र त्यामुळे कर्तव्यात बाधा येता कामा नये. खासगी नोकरीत अशी मुभा लेखी मागून घेणे चांगले. चित्रांबाबत असे, की इमारतीचे छायाचित्र घेणे व छापणे हा कायद्याने हक्कभंग मानलेला नाही, पण मुखपृष्ठ किंवा चित्र यांचा हक्क कलावंताच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे समीक्षेपुरता रास्त वापर करताना कलावंताचे नाव द्यावे आणि त्यापलीकडे काही हवे असल्यास परवानगी घ्यावी. कोणाच्या घरात जाऊन काढलेले छायाचित्र कायद्याने चालत असले तरी घरच्यांना दाखवल्याखेरीज बाहेर देऊ नये.

ज्यांची नोकरीच रचनाकलेची आहे त्यांना एक वेगळे पथ्य सांगावे लागते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी जाहिरातक्षेत्रात दीर्घकाळ नोकरी केली आणि त्याच काळात देवनागरी अक्षररूपांचे प्रयोग चालू ठेवले. पुढे ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले, आणि संगणकावर लक्षावधी मराठी वाचकांनी पाहिलेला ‘मंगल’ हा टंक, म्हणजे अक्षरसंच, त्यांनी घडवला. जाहिरातीचा ग्राहक मागत नव्हता असे प्रश्न ते स्वतःच्या वेळात विचारत राहिले, म्हणूनच नोकरी आणि व्यासंग एकमेकांना खाऊन टाकू शकले नाहीत. दिवसभर पडद्यावर रचना करणाऱ्याने संध्याकाळी पुन्हा पडद्यावरील रचनांवरच लिहायला घेतले तर डोळे आणि मन दोन्ही थकतात. त्याने लाकूड, धातू, कापड किंवा हाताने काढलेली अक्षरे यांच्याकडे वळावे, म्हणजे लेखन ही विश्रांतीही ठरते.

वर्षअखेरीचा कामाचा रेटा, परीक्षा, आजारपण अशा काळासाठी दोन टिपणे नेहमी तयार ठेवावीत, आणि तीही संपली तर विराम जाहीर करून घ्यावा, कारण न सांगता पडलेला खंड लेखकाच्याच मनावर ओझे होऊन बसतो. शेवटी, या लेखनाचा शेवट कसा व्हावा हेही आरंभीच ठरवलेले बरे. केळकरांनी आपला संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, त्यामुळे तो त्यांच्या आयुष्यापुरता राहिला नाही. नोकरदार लेखकाच्या वह्या आणि मापे यांचे मोल त्याला स्वतःला अनेकदा कळत नाही, पण उतरवलेल्या वाड्याची ती एकमेव नोंद असू शकते. तेव्हा दर काही वर्षांनी त्यांची सूची करून एक प्रत ग्रंथालयाला, वास्तुकला महाविद्यालयाला किंवा संशोधनसंस्थेला विचारून द्यावी, आणि पुढच्या अभ्यासकाला आपल्याला न विचारताही ती वापरता येईल इतकी ती स्पष्ट लिहिलेली असावी.