दूध पचत नाही? हे नाटक नाही!



आरोग्याचा विषय निघाला की बैठकीत काही जणी हळूच सांगतात, "दूध घेतलं की पोट डब्ब होतं, गुडगुडतं, कधी जुलाब लागतात." घरचे म्हणतात, "दूध कुणाला बाधतं का? तुझी नाटकं." म्हणून हा पाठ.

असं का होतं?
दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारा लॅक्टेज हा पाचक घटक लहान आतड्यात तयार होतो. बाळपणी तो भरपूर असतो, मोठेपणी बऱ्याच जणांचा कमी होतो. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते. तिथले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस धरतो. ही साखर आतड्यात पाणीही ओढते, म्हणून जुलाब होतात.

ओळखायचं कसं?
1. आठवडाभर काय खाल्लं, किती वाजता त्रास झाला, ते वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या.
2. दोन आठवडे दूध आणि दुधाचा चहा बंद ठेवा.
3. नंतर थोडं दूध घेऊन बघा. त्रास परत आला तर कारण दूध असू शकतं.

गरोदर आणि स्तनदा ताईंनी आधी आरोग्यसेविकेला विचारावं.

मग खायचं काय?
सगळंच सोडू नका. अर्धा कप दूध जेवणासोबत घेतलं तर अनेकींना चालतं. दही-ताकात जिवाणूंनी थोडी साखर आधीच संपवलेली असते, त्यामुळे ते जास्त सोसतं. हाडांसाठी कॅल्शियम हवंच. 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 मिलिग्रॅम असतं. तीळ आणि शेवग्याचा पालाही खा.

हे घरी अंगावर काढू नका
शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रात्री झोपमोड करणारे जुलाब असतील तर दवाखान्यात जा. काही खाल्ल्यावर ओठ सुजले, दम लागला तर ती अॅलर्जी असू शकते. लगेच 108 ला फोन करा. बाळाला जुलाब झाले तरी अंगावरचं दूध बंद करू नका.

बैठकीत बोला
आपल्या गटात किती जणींना असा त्रास आहे? त्यातल्या किती जणींनी तो घरी सांगितलाय? पोटाचं दुखणं सांगायला लाजू नका. घरच्या सगळ्यांचं ताट आपण वाढतो, आपल्या ताटात काय सोसतं तेही बघू या.