चमकतो खरा, पण अंगठीत टिकेल का? आपल्या मातीतला ॲपोफायलाइट



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात विहिरीचं काम निघालं की शाळेत दगड येतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव. काळ्या पाषाणातून निघालेले पांढरे, चकचकीत तुकडे दप्तरात घालून पोरं आणतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, हा हिरा आहे का?" आपण बहुतेक वेळा "नाही रे, गारगोटी आहे ती" म्हणून विषय संपवतो. पण तो तुकडा दर वेळी गारगोटीचाच असतो असं नाही. कधी तो ॲपोफायलाइट असतो, आणि त्याच्यावर एक चांगला तास घेता येतो.

आधी तो येतो कुठून ते बघू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारस थरावर थर पसरत गेला. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे आत अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. (जाळीदार भाकरी डोळ्यांसमोर आणा, मुलांना लगेच कळतं.) पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपलं. पाण्यात विरघळलेली द्रव्यं आतल्या भिंतींवर साचत गेली आणि त्यांचे स्फटिक झाले. गारगोटी, कॅल्साइट, फिकट गुलाबी-नारिंगी स्टिल्बाइट आणि आपला ॲपोफायलाइट ही सगळी या पोकळ्यांतली मंडळी. राहुरी तालुक्यातल्या मोमीन आखाड्याचे हिरवे ॲपोफायलाइट तर जगभरातल्या दगड जमवणाऱ्यांना माहीत आहेत. आपल्याकडे मात्र फार थोड्यांना! पुण्याजवळच्या हिरव्या ॲपोफायलाइटवर १९७४ साली परदेशात अभ्यास झाला. हा हिरवा रंग व्हॅनेडियम या धातूच्या अंशामुळे येतो.

आता चमकेबद्दल. ॲपोफायलाइटचा स्फटिक बहुधा चौकोनी ठोकळ्यासारखा किंवा वर टोक आलेला असतो. बाजूचे पृष्ठ काचेसारखे चमकतात, पण माथ्याच्या सपाट पृष्ठावर मोत्यासारखी झाक असते. जुन्या काळी युरोपात त्याला 'माशाच्या डोळ्याचा दगड' म्हणत, ते या झाकेमुळेच. बाजारात मासळी पाहिलेल्या मुलांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

गंमत अशी की ही चमक हिऱ्याच्या चमकेसारखी नाही. प्रकाश एखाद्या पदार्थात शिरताना किती वळतो त्याचा एक आकडा असतो, त्याला अपवर्तनांक म्हणतात. हिऱ्याचा २.४२, साध्या काचेचा सुमारे १.५ आणि ॲपोफायलाइटचा सुमारे १.५३. म्हणजे त्याला हिऱ्यासारखे पैलू पाडले तरी तो काचेच्या खड्यासारखाच दिसणार. त्याचं सौंदर्य निसर्गाने घडवलेल्या पृष्ठांत आहे. म्हणून जाणकार लोक तो न कापता, टोकासकट, चांदीच्या तारेत गुंफून गळ्यात घालतात. माझं मत विचाराल तर तेच बरोबर आहे.

एका पालकांनी विहिरीत सापडलेला असाच एक सुंदर तुकडा बायकोसाठी अंगठीत बसवायचं ठरवलं. तालुक्याच्या सोनाराने हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "दादा, अंगठीचा नाद सोडा, कोंदणात दाबतानाच उडेल." पालकांना वाटलं, हा टाळतोय. सोनाराचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि त्याची दोन वेगळी कारणं आहेत. आपल्या धड्याचा गाभा तिथेच आहे.

पहिलं कारण काठिण्य. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोहस यांनी १८१२ मध्ये खनिजांची १ ते १० अशी उतरंड लावली. वरच्या क्रमांकाचं खनिज खालच्यावर ओरखडा काढतं, एवढाच साधा नियम. शंखजिरे १, हिरा १०. गारगोटी ७ वर आहे आणि ॲपोफायलाइट ४.५ ते ५ वर. हवेतल्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. त्यामुळे हातातल्या अंगठीवरची धूळ नुसती पदराने पुसली तरी मऊ खड्यावर बारीक चरे पडतात आणि वर्षभरात तो आंधळा दिसायला लागतो.

दुसरं कारण पाटन. म्हणजे काही खनिजं एका ठरावीक दिशेने सहज, सपाट चिरतात. ॲपोफायलाइट माथ्याला समांतर असा पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून सोनाराला दाब देण्याची भीती. शिवाय त्याच्या वजनात सुमारे १६ टक्के पाणी असतं. तापवला की पाणी निघून जातं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. हाउय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०६ मध्ये ग्रीक शब्दांवरून ठेवलेल्या नावाचा अर्थच 'पापुद्रे सुटणारा' असा आहे. तेव्हा डाग देताना ज्योत जवळ नको आणि धुताना उकळतं पाणीही नको. (वर्गात तापवून दाखवू नका, कपच्या उडतात.)

मग मऊ खडा दागिन्यात चालतच नाही का? नथ आठवा. मोत्याचं काठिण्य २.५ ते ४.५, ॲपोफायलाइटपेक्षाही कमी, तरी आजीच्या नथीतले मोती नातीपर्यंत येतात. नथ सणासमारंभाला निघते, कुठे घासत नाही आणि पुन्हा कापसात जाते. उलट पोवळ्याची अंगठी वर्षानुवर्षं घातलेल्या एखाद्या आजोबांचा हात बघा. पोवळ्याची झिलई केव्हाच गेलेली असते. खडा कोणता यापेक्षा तो कुठे बसवला, हा प्रश्न मोठा. कानातले किंवा गळ्यातलं लोलक चालेल. अंगठी आणि बांगडी नको.

वर्गात करायचं ते सोपं आहे. तीन पांढरे तुकडे घ्या. जो काचेच्या तुकड्यावर ओरखडा काढतो तो गारगोटी. ज्यावर व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बारीक बुडबुडे येतात तो कॅल्साइट. जो काचेला काही करत नाही, व्हिनेगरलाही दाद देत नाही, पण लोखंडी खिळ्याच्या टोकाने कष्टाने चरतो आणि माथ्यावर मोत्याची झाक दाखवतो, तो बहुधा ॲपोफायलाइट. स्टिल्बाइट त्याहून थोडा मऊ असतो, पण त्याचे स्फटिक मध्ये बांधलेल्या पेंढीसारखे दिसतात, त्यामुळे गल्लत होत नाही. ओरखडा नेहमी मागच्या, तुटक्या बाजूला काढायला लावा. काच शिक्षकांनीच धरावी. आणि मुलांना खडी क्रशरच्या खाणीवर मुळीच पाठवू नका, तिथे सुरुंग लावतात. विहिरीच्या कडेचा जुना ढीगही मोठ्या माणसाबरोबरच बघायचा.

हेच दगड 'ऊर्जा देणारे' म्हणून शेकड्यांनी विकले जातात. त्यावर पालकांनी विचारलं तर मी एवढंच सांगतो, की दगडाचं काठिण्य मोजता येतं, ऊर्जेचा आकडा मला कुणी दाखवलेला नाही.

सहल काढायची असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय संगमनेर-अकोले भागातल्या शाळांना एका दिवसात होतं. तिथे काचेआड ठेवलेले ॲपोफायलाइट मुलांना आधी माथ्याकडून बघायला सांगा, मग बाजूने. आणि शाळेतला तुकडा कापसात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा, गारगोटीच्या डबीत नको.