जिप्सम विरघळते, पण किती पाण्यात?



चोपण रानात जिप्सम टाकले, पण ऊस काही सुधारला नाही, ही तक्रार आमच्या कानावर पुष्कळदा येते. "मालच खोटा होता" म्हणून आपण मोकळे होतो. माल खोटा असूही शकतो. पण बहुतेक ठिकाणी चूक पाण्याच्या हिशेबात आणि निचऱ्यात असते.

मीठ पाण्यात टाकले की दिसेनासे होते. ते नाहीसे होत नाही. त्यातले सोडियम आणि क्लोराइड हे विद्युतभार असलेले कण सुटे होतात. लिटरभर पाण्यात मीठ ३५० ग्रॅमच्या वर विरघळते. जिप्सम मात्र जेमतेम अडीच ग्रॅम! चुनखडी तर शुद्ध पाण्यात काही मिलिग्रॅमच. म्हणून तर काळ्या रानात चुनखडीचे खडे भरपूर असूनही चोपण हटत नाही. न विरघळलेला चुना कामाचा नाही.

चोपण मातीच्या बारीक कणांना सोडियम चिकटलेले असते. त्यामुळे पाणी लागताच माती पसरते, वाळली की दगड. जिप्सम विरघळून कॅल्शियम सुटे झाले, की ते सोडियमला हुसकावून त्याची जागा घेते. कॅल्शियमवर दोन भार, सोडियमवर एक; म्हणजे एकाने दोघांना हटवले. सुटलेले सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात राहते. चरातून ते पाणी बाहेर गेले तर गेले, नाहीतर उन्हाळ्यात पुन्हा वर चढून बसते.

आता हिशेब करू. एकरी एक टन जिप्सम विरघळायला चार लाख लिटर पाणी लागते. म्हणजे एकरभर चार इंच! मातीने कॅल्शियम ओढून घेतले की आणखी थोडे विरघळते, म्हणून बारीक पूड वरच्या थरात नीट मिसळावी. सरीत ढीग ओतून भागत नाही.

खात्री घरीच करा. चोपण मातीचे चिमूटभर ढेकूळ बाटलीत पावसाच्या पाण्यात हलवा; पाणी दिवसभर गढूळ राहते. दुसऱ्या बाटलीत तसेच करून चमचाभर जिप्सम टाका. गाळ गोळा होऊन खाली बसेल.

मात्र रान नुसते खारवट असेल, सामू साडेआठच्या आत असेल, तर जिप्समवर पैसे घालू नका. तिथे चर आणि गोडे पाणी पुरते. आधी माती तपासून घ्या, मग चर काढा, मग जिप्समची गाडी बोलवा.